चोरून खाणं आणि संध्याकाळची ती खा खा

ही पोस्ट अशा लोकांसाठी आहे जे सगळ्यांसमोर अर्धी पोळी कमी खातात आणि सगळे झोपले की किचनमध्ये लाईट न लावता डबे उघडतात. तुम्ही त्यातले नसाल तर तुमच्या घरातलं कुणीतरी असू शकतं, त्यामुळे वाचा तरीपण.

मी स्वतः कित्येक वर्षं असं खाल्लंय आणि आता बऱ्यापैकी त्यातून बाहेर आलेय, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी, आणि या सगळ्या काळात मला मराठीत यावर धड काही वाचायला मिळालं नाही. जे मिळायचं ते 'गोड सोडण्याचे सोपे उपाय' टाइपचं, मेथीदाणे भिजवून प्या, बडीशेप चघळा, मन खंबीर करा. मन खंबीर करा हे वाचलं की माझा जीव तुटतो, कारण ज्यांना हा त्रास आहे ती माणसं बाकी सगळीकडे प्रचंड खंबीर असतात. घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची औषधं, सगळं तारखेवार करणारी माणसं असतात ही.

आधी हे खाणं कसं असतं ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आवडतं म्हणून खाते. पहिला बेसनाचा लाडू चवीने खाल्ला जातो, दुसराही कदाचित. नंतर चव कळतच नाही. हात डब्यात जात राहतो, गिळायची घाई असते, कान बेडरूमच्या दाराकडे लागलेले असतात, पोट दुखायला लागलं तरी थांबता येत नाही, आणि थांबतं ते डबा संपला की किंवा कुणाची चाहूल लागली की. गोड संपलं की फरसाण, फरसाण झालं की परत काहीतरी गोड, काहीच नसेल तर शिळ्या पोळीवर तूप-साखर, तेही नसेल तर मुलांच्या दुधात घालायची चॉकलेट पावडर चमच्याने कोरडी. मग लपवालपवी. रॅपर दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी कचऱ्याच्या अगदी तळाशी. उरलेले लाडू असे रचायचे की वरून डबा भरलेला दिसला पाहिजे. डबा संपलाच तर दुसऱ्या दिवशी ऑफिसवरून येताना त्याच दुकानातून तसेच लाडू आणायचे आणि काल सकाळी जेवढे होते तेवढेच डब्यात ठेवायचे, आणि जे जास्तीचे उरले ते पार्किंगमध्ये गाडीवर बसूनच संपवायचे. या सगळ्यात किती डोकं आणि किती दिवस जातात ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

याला नाव आहे. बिंज इटिंग डिसऑर्डर. अल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी असं खाणं १९५९ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण स्वतंत्र आजार म्हणून मान्यता मिळायला २०१३ उजाडलं, तेव्हा अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानाच्या पुस्तकाची, म्हणजे डीएसएमची, पाचवी आवृत्ती आली आणि त्यात हे आलं. तोपर्यंत 'खाण्याचे इतर त्रास' या गाठोड्यात ढकललेलं असायचं. निकष साधारण असे आहेत की थोड्या वेळात खूप जास्त खाणं आणि त्या वेळी आपला ताबा सुटलाय असं वाटणं, हे आठवड्यातून निदान एकदा आणि तीन महिने चाललेलं, आणि सोबत या पाचातल्या निदान तीन गोष्टी: नेहमीपेक्षा भराभर खाणं, पोटाला तडस लागेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, किती खातोय याची लाज वाटते म्हणून एकट्याने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस येणं किंवा अपराधी वाटणं. शिवाय या सगळ्याचा मनाला त्रास होत असला पाहिजे. 'लाज वाटते म्हणून एकट्याने' हे लक्षणांच्या यादीत छापलेलं आहे हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं, कारण तोपर्यंत मला वाटायचं हे लपवणं हा माझा स्वभाव आहे, माझ्यातच काहीतरी खोटेपणा आहे.

अजून एक, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं हे यात येत नाही, तो बुलिमिया. त्यात शरीरातलं पोटॅशियम खाली जाऊन हृदयाला धोका होऊ शकतो, त्यामुळे तसं काही होत असेल तर ही पोस्ट बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा, प्लीज.

आपल्याकडे या माणसांना कोणते शब्द मिळतात माहितीये ना? हावरट. अधाशी. भस्म्या झालाय का हिला. जिभेवर ताबा नाही. बायकांच्या बाबतीत तर हे शब्द लहानपणापासून असतात, पोरीच्या जातीने असं खाऊ नये. आणि एकदा हा शब्द बसला की माणूस सगळ्यांसमोर खाणं सोडतो, खाणं सोडत नाही.

आता साखरेबद्दल. मी नगर जिल्ह्यातली, आता अहिल्यानगर, प्रवरेच्या पट्ट्यातली. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो भाग. आमचे अण्णा सभासद. दिवाळीआधी सभासदांना सवलतीच्या भावात साखर मिळायची, ती घरी आली की आई करंज्यांचं सारण करायला घ्यायची. आमच्याकडे साखर म्हणजे माझी कॉलेजची फी, ताईचं लग्न, घराचा स्लॅब. ऊस गेला का, तोड आली का, बिल जमा झालं का, यावरच घरातला मूड ठरायचा. त्यामुळे साखर म्हणजे पांढरं विष वगैरे मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतात ना तेव्हा मला ते नीट पचत नाही. साखर कमी खावी हे खरंच आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर रोजच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चहाचे चमचे. दिवसातून चार कप गोड चहा घेणाऱ्याचा कोटा चहातच संपतो. तेवढं मान्य. पण विष म्हटल्याने माझ्यासारख्या माणसाचं खाणं कमी होत नाही, भीती वाढते, आणि ज्याची भीती वाटते तेच रात्री अंधारात खाल्लं जातं.

कारण माझं चोरून खाणं त्या साखरेच्या घरात सुरू झालेलं नाही. लहानपणी मी साखरभात, शिरा, गुळपोळी सगळं पोटभर खायचे, पंगतीत बसून खायचे, आणि खाऊन खेळायला पळायचे. सुरू झालं ते पहिल्या डाएटनंतर. स्थळं बघायला लागले आणि कुणीतरी आईला म्हणालं जरा बारीक झाली तर बरं होईल हो. तिथून पुढे भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, संध्याकाळी सातनंतर बंद, कधी फक्त दोन वेळाच जेवायचं, कधी दर दोन तासांनी मोजून मापून, कधी नुसतं सूप. यातलं काही ज्यांना झेपतं त्यांना झेपू दे, माझं भांडण त्यांच्याशी नाही. मला काय व्हायचं ते सांगते. सकाळी बिनसाखरेचा चहा, डब्यात एक फुलका आणि काकडी, दुपारी ऑफिसमध्ये कुणाच्या तरी प्रमोशनचा पेढा आला तर तो नको म्हणायचं आणि दिवसभर त्या पेढ्याचाच विचार, आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला अशी खा खा सुटायची की बसस्टॉपवरच्या बेकरीत हात थरथरत पैसे द्यायचे. मग रात्री जेवताना अपराधी वाटून परत कमी जेवायचं, आणि मग साडेअकराला किचन. दुसऱ्या दिवशी काल जास्त झालं म्हणून परत सकाळी काही नाही. हे चक्र. यात गोडाचा दोष किती आणि उपाशी राहण्याचा किती हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्या आज्यांना ठाऊक होती. हेच अमेरिकेत १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांच्या टीमने मोजून बघितलं. ३६ तरुण पुरुष, युद्धात शस्त्र घ्यायला नकार दिलेले, शरीराने आणि मनाने ठणठणीत आहेत असं तपासून निवडलेले. त्यांना सहा महिने साधारण निम्म्या खाण्यावर ठेवलं, दिवसाला सोळाशे कॅलरीच्या आसपास. आज कित्येक बायकांच्या हातात जो डाएट चार्ट असतो तो बाराशेचा असतो, हे लक्षात ठेवून पुढे वाचा. ती मुलं दिवसभर खाण्याबद्दलच बोलायला लागली, रेसिपीची पुस्तकं जमवायला लागली, ताटं चाटायला लागली, चिडचिडी झाली, एकटी राहायला लागली. आणि प्रयोग संपून खायला मिळालं तेव्हा त्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरी भूक भागली नाही म्हणायचे. यातल्या कुणालाच आधी हावरट म्हणता आलं नसतं. हे मला काउन्सेलरने सांगितलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझं शरीर माझ्याशी दुष्मनी करत नाहीये, ते उपाशी होतं म्हणून ओरडत होतं.

साखरेचं व्यसन लागतं का हा प्रश्न सगळे विचारतात. डीएसएममध्ये साखरेचं व्यसन असा आजार नाहीये. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल यांच्या लॅबमध्ये उंदरांवर बरंच काम झालं, त्यात उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखरेचं पाणी आणि खाणं दिलं तर ते साखरेवर तुटून पडायचे आणि व्यसनासारखी लक्षणं दाखवायचे. बातम्यांमध्ये तेवढंच आलं, साखर कोकेनसारखी वगैरे. पण त्याच प्रयोगात ज्या उंदरांसमोर साखरेचं पाणी चोवीस तास होतं ते असं वागत नव्हते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तीच साखर, फरक उपाशी ठेवण्याचा. उंदीर म्हणजे माणूस नाही हे मलाही कळतं पण माझ्या वहीत जे दिसलं ते याच्याशी जुळणारंच होतं.

वहीकडे येतेच, त्याआधी आमच्या अप्पांचं सांगते, म्हणजे माझे सासरे, कारण चोरून खाणारी घरात मी एकटी नव्हते. अप्पांना डायबेटिस. आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, २०२३ मध्ये आलेला अभ्यास सांगतो भारतात १० कोटींवर लोकांना आहे, म्हणजे अशी घरं किती असतील बघा. तर अप्पांमुळे आमच्याकडे गोड वरच्या फळीवर, आणि ते खुर्ची लावून काढतात म्हणून मग कपाटात, आणि दर चार दिवसांनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेढ्याचा चुरा सापडायचा आणि सगळे त्यांना बोलायचे, लहान मुलासारखं बोलायचे, या वयात कळत नाही का. एकदा संध्याकाळी ते असेच चिडचिड करत होते, अंगाला घाम, हात कापत होते, म्हणून सहज ग्लुकोमीटर लावला तर साखर सत्तरच्या खाली. सकाळची गोळी घेऊन साडेदहाला जेवायचे आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. ज्याला आम्ही गोडाची हाव म्हणत होतो ती शरीराची धडपड होती. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला, चार वाजता खाणं ठरवून दिलं, आणि खिशातले पेढे जवळजवळ बंद झाले. तेव्हा डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला अचानक गोडाची तलफ येत असेल तर ओरडायच्या आधी साखर मोजा. सत्तरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

माझी स्वतःची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, ५.७ ते ६.४ च्या मधल्या पट्ट्यात आली, प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी, आणि फिजिशियनने डाएट चार्ट पुढे केला तेव्हा मी पहिल्यांदा एका परक्या माणसासमोर बोलले की मॅडम मी चार्ट पाळते, रात्री अकरापर्यंत पाळते. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. हे मी कधी विसरणार नाही. त्यांनी मला काउन्सेलरकडे पाठवलं.

तिथे काय झालं ते नीट सांगते कारण हाच या पोस्टचा खरा भाग आहे.

पहिलं काम वही. कॅलरी लिहायच्या नाहीत. फक्त किती वाजता, काय, कुठे बसून, कोण होतं, आणि त्याच्या आधी काय झालं होतं. आणि लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. चोरून खाल्लेलंही लिहायचं, ते तर लिहायचंच. मला वाटलं होतं वही म्हणजे शिक्षा, पण काही दिवसांत त्यात असं स्पष्ट दिसायला लागलं की अंगावर काटा आला. ज्या दिवशी दुपारचं जेवण धड नाही त्या दिवशी संध्याकाळ गेलीच. पाळीच्या आधीचा आठवडा. झोप पाच तासांच्या खाली गेलेली रात्र. नवरा टूरवर. आणि माहेरी अण्णांच्या तब्येतीचा फोन झाला की त्यानंतरचा अर्धा तास. म्हणजे काही वेळा पोटाची भूक होती आणि काही वेळा दुसरं काहीतरी होतं जे बोलायला कुणी नव्हतं. या दोघांचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि बडीशेप दोघांवरही चालत नाही.

दुसरं काम जेवणं. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या आजारांसाठी सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, जी पद्धत बसवली त्यात सगळ्यात आधी हेच येतं, तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा छोटं खाणं, आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही, भूक लागो न लागो. ब्रिटनच्या २०१७ च्या सरकारी गाइडलाइनमध्येही या आजारावर सुरुवात अशाच सेल्फ-हेल्पने करा म्हटलंय, कुणाच्या तरी मार्गदर्शनाखाली. मी ऐकून घाबरलेच. मी आणि सहा वेळा खाऊ? फुगेन मी. पण केलं. सकाळी आठला शेंगदाणे घातलेले पोहे किंवा थालीपीठ-दही. अकराला एखादं फळ किंवा ताक. दीडला पूर्ण डबा, दोन पोळ्या, भाजी, आणि मटकीची नाहीतर मुगाची उसळ हवीच, ती असली की दुपार बरी जाते. साडेचारला मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं किंवा घरचा चिवडा वाटीत घेऊन. साडेआठला वरण-भातासकट जेवण. ही साडेचारची वाटी, हिच्यासाठी मी ऑफिसात मीटिंगमधून उठलेय. तुम्हाला या सगळ्या पोस्टमधलं एकच काही करायचं असेल तर संध्याकाळच्या त्या वेळेआधी तासभर पोटात काहीतरी घाला, ड्रॉवरमध्ये ठेवा, पर्समध्ये ठेवा, आणि सगळ्यांसमोर खा.

वजन सुरुवातीला किंचित वाढलं, मग थांबलं. वजन रोज करायचं नाही, आठवड्यातून एकदाच, हाही नियम होता. आणि हे स्पष्टच सांगते, या उपचारांनी बिंज कमी होतात, वजन फारसं उतरेल असं नाही, मला काउन्सेलरने पहिल्याच भेटीत हे सांगितलं होतं. ज्यांना वजनासाठीच हे करायचंय त्यांची निराशा होईल. मला रात्री शांत झोप लागायला लागली, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

तिसरं, तलफ येते तेव्हा काय करायचं. तलफ चढते, टोकाला जाते आणि उतरते, साधारण वीस-तीस मिनिटांचा खेळ असतो, पण आपण कधी उतरेपर्यंत थांबलेलोच नसतो त्यामुळे आपल्याला वाटतं ती चढतच जाणार. मी किचनमधून बाहेर पडायचे, गच्चीवर, नाहीतर आंघोळ, नाहीतर ताईला फोन. टीव्ही नाही, टीव्हीसमोर हात परत डब्याकडे जातो. आणि तरीही हवंच असेल तर खायचं, पण लाईट लावून, ताटलीत घेऊन, खाली बसून. डब्यातून नाही. उभ्याने नाही. हे ऐकायला बारीक वाटतं पण लाईट लावली ना की बऱ्याचदा चौथा लाडू जातच नाही. आणि गेला तरी ते चोरून खाणं उरत नाही.

गोड आता मी रोज खाते, थोडं, दुपारच्या जेवणासोबत, वाटीत. भरल्या पोटी गोड खाल्लं की ते दोन-चार घासात पुरतं, रिकाम्या पोटी संध्याकाळी घेतलं की पुरत नाही, हा माझा अनुभव. ज्या पदार्थाची सगळ्यात भीती तो सगळ्यात शेवटी घरात आणला, माझ्यासाठी श्रीखंड, पहिल्यांदा पाव किलोचा डबा आणला तो घरचे सगळे असताना आणि नवऱ्याने सगळ्यांना वाढला. हे घाई करून करू नका, जेवणाच्या वेळा बसल्यावरच करा. डायबेटिस असेल तर गोड किती आणि केव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि साखर सोडून गूळ, खजूर, मध चालू करून काही फरक पडत नाही हो. गुळात थोडी खनिजं असतात पण बाकी तीही साखरच, आणि मी स्वतः बघितलंय की गूळ चालतो म्हटलं की गुळाची ढेप संपते. अख्खं फळ वेगळं, ते खा.

नवऱ्याला सांगणं सगळ्यात जड गेलं. एवढी वर्षं एका घरात राहून त्याला माहीत नव्हतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. मी सगळं एका दमात बोलले, पिशव्या, पार्किंग, सगळं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, अगं डबे संपतात ते मला दिसायचं, मला वाटायचं तुला एवढंच एक आवडतं तर कशाला बोलायचं. मग त्याने विचारलं, मी काय करू? हा प्रश्न घरच्यांनी विचारला ना तर अर्धं काम होतं. माझं उत्तर असं होतं की डबे लपवू नकोस, माझ्या ताटाकडे बघून बोलू नकोस, चांगलं कंट्रोल केलंस म्हणून कौतुकही नको, साडेआठला आपण सगळे एकत्र बसून जेवू, आणि अण्णांचा फोन आला की माझ्याजवळ थोडा वेळ बस. सासूबाईंना सगळं सांगितलं नाही, डॉक्टरांनी चार वाजता खायला सांगितलंय एवढंच सांगितलं, तर त्या आता अप्पांच्या वाटीसोबत माझ्यासाठीही फुटाणे काढून ठेवतात.

सणांचं वेगळंच असतं. गणपतीत दहा दिवस घरात मोदक, पेढे, खिरापत, प्रत्येक घरी गेलं की प्रसाद, घ्या हो एवढ्याने काय होतंय, आणि नाही म्हणलं की देवाचा अपमान. मी आधी काय करायचे, तर आज सात घरी जायचंय म्हणून सकाळपासून उपाशी राहायचे, आणि सातव्या घरापर्यंत काय व्हायचं ते सांगायला नको. आता त्या दिवशी तर मुद्दाम पोटभर जेवून निघते. उकडीचे मोदक घरात होतात त्या दिवशी ते जेवणातच खाते, तूप घालून, पंगतीत. आणि उपास मी सोडलेत. हे सासूबाईंना पटायला वेळ लागला, माझ्याऐवजी त्या एक जास्तीची आरती करतात, चालतं आम्हाला.

मधून मधून अजूनही होतं. अण्णा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा परत झालं, बरेच दिवस झालं. तेव्हा एकच गोष्ट धरून ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. रात्री काहीही झालेलं असो, आठ वाजता पोहे. भरपाई म्हणून उपाशी राहिलं की पुढची रात्र ठरलेलीच असते.

काही गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्या. स्टिरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं भूक खूप वाढवतात, ती स्वतःच्या मनाने बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असलेल्या बायकांमध्ये बिंजचं प्रमाण जास्त दिसतं, त्यामुळे गायनॅककडे जाल तेव्हा हे बोला, फक्त पाळीचं नको. डिप्रेशन बऱ्याच जणांना सोबत असतं. आणि पुरुषांनाही होतं हे, त्यांना तर कुणी विचारतच नाही, उलट भारी खातो गडी म्हणून ताटात अजून वाढतात.

कुठे जायचं हा प्रश्न असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. जगू नये असं वाटत असेल तर आत्ता लावा. नाहीतर जवळचे सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. जाण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारा, बिंज इटिंगचे पेशंट बघता का, आणि सीबीटी करता का. पहिल्याच भेटीत तुमचं काही न ऐकता हातात बाराशे कॅलरीचा चार्ट दिला तर फी देऊन या आणि दुसरीकडे जा. आणि समोर बसल्यावर शब्द सुचत नसतील तर मी केलं तसं करा, मोबाईलमध्ये आदल्या रात्री लिहून ठेवा आणि फोनच त्यांच्या हातात द्या.